चाळीस विधानं बाजूला ठेवा, आधी तास आणि मजुरी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अर्थशास्त्रात पीएच.डी. करताय, विषय आहे ‘कोल्हापूर जिल्ह्यातील सन्मानजनक काम आणि समावेशक आर्थिक वाढ’. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री (धातूचं ओतकाम करणारे कारखाने) आणि कोल्हापुरी चपलेचा धंदा अशी तीन क्षेत्रं धरलीत. ४०० कामगार, ४० विधानं, प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच उत्तरं. बरेच मालक आत घेत नाहीत, आणि जिथे घेतात तिथले सगळे कामगार समाधानी निघतायत. म्हणून तुम्ही विचारलंय की नमुना वाढवावा की विधानं बदलावीत.

माझ्या मते दोन्हीही करून उपयोग नाही. तुम्हाला काम मोजायचंय आणि तुम्ही मत मोजायची पट्टी हातात घेतलीय. ‘मला योग्य मजुरी मिळते’ या वाक्याला, दिवाणजी (शेडमधला मालकाचा माणूस) चार हातांवर उभा असताना, कोण असहमत म्हणेल? आणि दिवाणजी नसला तरी माणूस ‘योग्य’ हे शेजारच्या शेडमधल्या भावावरून ठरवतो. शेजारीही बारा तासच राबत असतील, तर त्याला आपलं बरं चाललंय असं मनापासून वाटतं. ते उत्तर खोटं नसतं, पण त्यावरून त्याच्या कामाच्या दर्जाबद्दल काही कळत नाही.

‘सन्मानजनक काम’ ही संकल्पना मुळात कुठून आली ते एकदा नीट पाहा, कारण प्रबंधांत पहिल्या प्रकरणात ती लिहिली जाते आणि तिसऱ्या प्रकरणात विसरली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९च्या अहवालात ती मांडली. रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक संरक्षण आणि मालक-कामगार-सरकार यांच्यातला संवाद, असे तिचे चार खांब. २०१५ साली शाश्वत विकासाचं आठवं उद्दिष्ट ठरलं तेव्हा ती आर्थिक वाढीच्या सोबत ठेवली गेली. मोजमापासाठी संघटनेने दहा घटक दिलेत : रोजगाराच्या संधी, पुरेशी मिळकत, कामाचे तास, काम आणि घर यांचा मेळ, नाहीसं करायला हवं असं काम (बालमजुरी, वेठबिगारी), कामाची शाश्वती, समान संधी आणि वागणूक, सुरक्षितता, सामाजिक सुरक्षा, आणि संघटना व प्रतिनिधित्व. या दहापैकी जवळजवळ प्रत्येकाची पडताळणी घडलेल्या गोष्टीवरून होते. किती तास, किती रुपये, किती दिवस, कोणता कागद. मत शेवटी दोन-तीन प्रश्नांपुरतं घ्या, तुलनेसाठी ते लागतंच.

पुढचं मी सांगतोय ते थोडं तुमच्या परिस्थितीवर आहे. शीर्षक मंजूर झालंय का, हाताशी मदतनीस आहेत का, किती महिने मोकळे आहेत, यावर ठरवा. शीर्षक मंजूर झालं असेल तर त्याला हात लावू नका. ‘यंत्रमाग कामगारांच्या विशेष संदर्भात’ ही आपली जुनी सोय उद्दिष्टांत वापरा आणि एकच क्षेत्र धरा. तीन क्षेत्रांत ४०० जण वाटले की एकेकाच्या वाट्याला १३३ येतात, आणि तिथे कोणत्याही टक्केवारीत साडेआठ टक्के इकडे-तिकडे होणार. शिवाय या तीन धंद्यांत कामाचं एकक वेगळं आहे. यंत्रमागावर मजुरी मीटरवर आणि पिकावर (इंग्रजी ‘पिक’, म्हणजे कापडातले आडवे धागे) ठरते, फाउंड्रीत बहुतेक रोजावर किंवा महिन्यावर, चपलेत जोडावर. एकच प्रश्नावली तिघांना लावली की ती तिघांनाही बसत नाही. मी सल्ला देताना नेहमी एक धंदा खोलात आणि दुसऱ्याची फक्त दहा-बारा सखोल मुलाखतींपुरती तुलना, असं सुचवतो. खाली मी यंत्रमाग मुख्य धरलाय, बाकीच्यांचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, मजुरी आणि तास. इथेच बहुतेक प्रबंध घसरतात, कारण ‘मासिक उत्पन्न किती?’ असा एकच प्रश्न असतो आणि खाली पाच गट दिलेले असतात. उदाहरणाला आकडे धरून पाहा. समजा यंत्रमाग कामगाराला आठवड्याला ४,२०० रुपये मिळतात. महिन्याचे (५२ आठवडे भागिले १२ धरून) झाले १८,२००. फाउंड्रीतल्या ठेकेदाराकडच्या हेल्परला ५६० रुपये रोज, २६ दिवसांचे झाले १४,५६०. गटांच्या तक्त्यात मागवाला वरच्या रकान्यात जातो आणि तुम्ही लिहिता की त्याची मिळकत बरी आहे. पण त्याने सहा पाळ्या बारा-बारा तासांच्या केल्यात, म्हणजे ७२ तास. तासाला ५८ रुपये ३३ पैसे. हेल्परचे आठ तास धरले तर तासाला ७० रुपये. क्रम उलटा झाला. म्हणून मिळकत कधीही तासावर आणल्याशिवाय तक्त्यात घालू नका. ‘कमी मजुरी’ ठरवायला जगभर वापरली जाणारी रेषा म्हणजे तासाच्या मजुरीच्या मध्यकाचे (निम्मे कामगार ज्याच्या खाली आणि निम्मे वर असतात तो आकडा) दोन तृतीयांश. ती लावा, आणि शेजारी राज्याच्या त्या धंद्याच्या किमान वेतनाची रेषा लावा, महागाई भत्त्यासह. दोन्ही आकडे द्या, कारण त्यांचं उत्तर बहुधा एक येत नाही.

तास विचारायचे तर ‘रोज किती तास काम करता?’ असं विचारू नका. ‘एक पाळी’ असं उत्तर येईल, आणि मुलाखत घेणारा आठ लिहून मोकळा होईल. गेल्या आठवड्याचा एकेक दिवस घ्या. सोमवारी मागावर किती वाजता उभे राहिलात, किती वाजता सुटलात, मधे माग किती वेळ बंद होते आणि कशामुळे. लाईट गेली, बिम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपलं, सूत आलं नाही, जॉबर (माग दुरुस्त करणारा) येईपर्यंत थांबलो, ही चार कारणं छापूनच ठेवा. बंद मागाचा वेळ फार मोलाचा आहे. पिकावर मजुरी असलेल्या माणसाचा तो वेळ कुणीच मोजत नाही. तो शेडमध्ये हजर असतो, पण कापड निघत नाही म्हणून पैसेही निघत नाहीत. मालकाच्या व्यवसायातली जोखीम मजुराच्या अंगावर कशी येते हे तुमच्या प्रबंधात याच एका रकान्यातून दिसेल. आठवड्याला ४८ तासांच्या वर किती जण जातात हा निर्देशांकही याच तक्त्यातून निघतो.

मजुरीसाठी शेवटचा हप्ता धरा : किती मीटर, कोणतं पीक, काय भाव, हातात किती आले, उचल किंवा खराब कापडाचे किती कापले. कापून घेतलेली रक्कम वेगळी लिहा. ‘मजुरी’ म्हणजे कापण्याआधीची की नंतरची, हे न ठरवता गोळा केलेले ४०० आकडे पुढे दुरुस्त करता येत नाहीत.

अपघाताचं असंच आहे. ‘कामावर अपघात झाला का?’ याला उत्तर ‘नाही’. अपघात म्हणजे बोट तुटणं, माणूस जाणं, असाच अर्थ लोक घेतात. त्याऐवजी विचारा : गेल्या १२ महिन्यांत लागलं, चिरलं, भाजलं किंवा धोटा (आडवा धागा नेणारी मागाची नळी) उडून बसला म्हणून एक दिवस तरी काम बुडालं का? त्या दिवसाची मजुरी मिळाली का? दवाखान्याचा खर्च कोणी केला? फाउंड्रीत फेटलिंगवाल्याला (ओतलेल्या भागावरची वाळू आणि कडा घासून काढणाऱ्याला) ‘मास्क देतात का?’ असं विचारलं तर ‘हो’ येईल, आणि तो मास्क म्हणजे बहुधा कापडी पट्टी असेल. वाळूतल्या सिलिकाचे जे कण फुप्फुसात खोल जातात ते डोळ्याला दिसतही नाहीत, कापड त्यांना अडवत नाही. म्हणून विचारा की मास्कला फिल्टर आहे का, शेवटचा कधी बदलला, आणि छातीचा एक्स-रे कामावरून शेवटचा कधी काढला. उत्तर तारखेत यायला हवं. मात्र ४०० जणांवरून ‘दर लाख कामगारांमागे प्राणघातक अपघात’ हा निर्देशांक काढायला जाऊ नका, ते गणित इतक्या लहान नमुन्यात बसत नाही.

सामाजिक सुरक्षेसाठी ‘पीएफ आहे का?’ऐवजी ‘पासबुकात शेवटची रक्कम कोणत्या महिन्यात जमा झाली?’ हे विचारा. ज्याला क्रमांक आहे पण तीन वर्षांत जमा काही नाही, तो तुमच्या तक्त्यात ‘आहे’मध्ये जायला नको. कायद्याचा उंबरठाही ध्यानात ठेवा : भविष्य निर्वाह निधीला २० कामगार, कर्मचारी राज्य विम्याला (ईएसआय) १० कामगार आणि २१,००० रुपयांची वेतनमर्यादा. एका छपराखाली घरातल्या दोन-तीन नावांची युनिटं असतात, तेव्हा कागदावर कोणतंच युनिट उंबरठा ओलांडत नाही. त्यासाठी ‘तुमच्या मालकाकडे किती कामगार?’ यासोबत ‘या छपराखाली एकूण किती जण?’ हाही प्रश्न ठेवा. या दोन उत्तरांतला फरक हाच एक निष्कर्ष आहे. आणि चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्यात, त्यांनी जुने २९ कायदे एकत्र केले. तुमची पाहणी कोणत्या तारखांना झाली आणि तेव्हा कोणती तरतूद लागू होती हे स्पष्ट लिहा. संदर्भ जुन्या पुस्तकातून उतरवले तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल.

काही प्रश्न सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून जसेच्या तसे घ्या : लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, सामाजिक सुरक्षेचा कोणता लाभ आहे. हे सर्वेक्षण २०१७-१८पासून सुरू आहे आणि त्याची मूळ माहिती मोफत उतरवून घेता येते. शब्द तेच ठेवलेत तर तुमच्या आकड्यांशेजारी महाराष्ट्राचा आकडा मांडता येईल. एक खाचखळगा सांगतो. पीसवर काम करणारा मागवाला ‘नियमित वेतनदार’ की ‘नैमित्तिक मजूर’? त्या सर्वेक्षणाच्या व्याख्येत मजुरी तासावर की नगावर, यावर काही ठरत नाही. काम रोज किंवा ठरावीक मुदतीने नव्याने ठरवावं लागतं का, यावर ठरतं. वर्षानुवर्षं एकाच शेडमध्ये असलेला माणूस तिथे ३१ क्रमांकाच्या संकेतात (नियमित वेतनदार) जातो, ५१मध्ये (नैमित्तिक मजूर) नाही. हे चुकलं की तुमची तुलनाच कोसळते.

चपलेच्या धंद्याकडे वळलात तर संकेतांची हीच गोष्ट बाईच्या बाबतीत फार जपून करा. घरी वेणी घालणारी, शिवण घालणारी बाई ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला ‘घरीच असते’ असं सांगते. लिहिणारा ९२ टाकतो, म्हणजे फक्त घरकाम. ती नवऱ्याच्या धंद्यात विनामोबदला हात लावत असेल तर तिचा संकेत २१ आहे आणि ती रोजगारात मोजली जाते. प्रश्न असा ठेवा : काल घरात चपलेचं कोणकोणतं काम झालं, कोणी केलं, किती जोड. मग पैसे कोणाच्या हातात आले ते. २०१९मध्ये या चपलेला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा फायदा वेणी घालणारीपर्यंत पोचला का, हा समावेशक वाढीचा खरा प्रश्न आहे, आणि जोडामागे तिच्या वाट्याला येणाऱ्या पैशातून तो तपासता येतो.

आता मालक आत घेत नाहीत, ही अडचण. माझं स्पष्ट मत आहे की आत जाऊच नका. कामगार घरी गाठा. शेडमध्ये निवडलेला नमुना आकडेशास्त्रानेही महागात पडतो, कारण एका शेडमधल्या सगळ्यांचा भाव, पाळी आणि मालक एकच असतो. एका ठिकाणच्या लोकांतलं साम्य (० ते १ या मापावर) ०.४ धरलं आणि प्रत्येक शेडमधून १० जण घेतले, तर रचनेचा परिणाम (गटाने नमुना घेतल्याने माहिती किती पटीने घटते ते) १ + (९ × ०.४) म्हणजे ४.६ येतो. तुमचे ४०० जण प्रत्यक्षात ८७ जणांइतकीच माहिती देतात. तेच १० जण एका वस्तीतल्या वेगवेगळ्या घरांतून घेतले, तर निरनिराळ्या शेडमधले येतात. साम्य ०.१च्या आसपास राहिलं तर परिणाम १.९ आणि ४०० जणांचे २१० उरतात. प्रत्यक्ष साम्य किती ते तुमच्या माहितीवरूनच काढा आणि प्रबंधात छापा. ‘३८४ किंवा ४०० पुरेसे’ हे सूत्र साधा यादृच्छिक नमुना गृहीत धरतं. आपल्याकडे कामगारांची यादीच नसते, तर तो घेणार कुठून?

म्हणून दोन टप्पे. आधी इचलकरंजी आणि लगतच्या गावांतल्या कामगार वस्त्यांचे नकाशावर तुकडे पाडा, त्यातले ४० निवडा. शक्य असेल तर मागांच्या संख्येच्या प्रमाणात निवडा. महावितरणकडे यंत्रमागाच्या जोडण्यांचा वर्ग वेगळा आहे, नावं न मागता उपविभागवार फक्त संख्या मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक तुकड्यात घर ना घर फिरून मागावर, कांडीवर (आडव्या सुताच्या कांड्या भरायला), वहिफणीवर (उभे धागे फणीतून ओवायला), सायझिंगमध्ये (सुताला खळ द्यायला) कोण जातं याची यादी करा. त्या यादीतून १० घरं, आणि घरात दोघे-तिघे असतील तर चिठ्ठी टाकून एक. घरात किती कामगार होते ते लिहून ठेवा, भार (प्रत्येक उत्तराला हिशोबात द्यायचं वजन) काढताना लागतं. पाळी आठवड्याला बदलते, म्हणून एकाच आठवड्यात वस्ती संपवू नका. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलात तरच रात्रपाळीवाले जागे सापडतील. दार बंद दिसलं की शेजारचं घर घेणं ही सगळ्यात मोठी चूक. जे घरी सापडत नाहीत तेच जास्त तास राबणारे असतात, आणि त्यांना वगळलं की तासांची सरासरी आपोआप खाली येते. तीनदा जा, मगच सोडा.

परप्रांतीय कामगार शेडमध्ये किंवा मालकाच्या खोलीत झोपत असतील, तर ते घरांच्या यादीत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी खोल्यांची वेगळी यादी करा, मुलाखत हिंदीत घ्या आणि प्रश्नांचं हिंदी रूप आधीच पक्कं करा, ऐन वेळी तोंडाने भाषांतर नको.

स्त्रियांची संख्या आधीच ठरवून वाढवा. ४००मध्ये सहज येतील तेवढ्या घेतल्या आणि ३० आल्या, तर त्यांच्या कोणत्याही टक्केवारीत १८ टक्के इकडे-तिकडे. १०० घेतल्या तर १० टक्क्यांच्या आत. आणि कांडीवालीची मजुरी मागवाल्याशी नुसती ताडून ‘फरक आढळला’ म्हणू नका. आठव्या उद्दिष्टात ‘समान मूल्याच्या कामाला समान वेतन’ असे शब्द आहेत. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार बाजूंनी दोन्ही कामांना गुण द्या आणि मग तासाची मजुरी ताडा. हे फार थोडे जण करतात, तुम्ही केलंत तर ते एक प्रकरणच होईल.

निर्देशांक शेवटी. नऊ-दहा गोष्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा मांडा, आधी प्रत्येकीची टक्केवारी वेगळी द्या, मग एका माणसाच्या किती गोष्टी कमी पडतात ते मोजा. एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी असतील तर वंचित, अशी रेषा घेता येते. ती थोडी वर-खाली करून निष्कर्ष बदलतो का तेही दाखवा. इथे क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) काढायला लावतील. नम्रपणे सांगा की पीएफ असणं आणि तास कमी असणं या एकाच मनोवृत्तीच्या दोन छटा नव्हेत. त्या एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत असं नाही, त्यामुळे अल्फा कमी आला म्हणून एखादी गोष्ट वगळायची नसते.

राहिला ‘वाढ’ हा शब्द. जिल्हा उत्पन्नाचे आकडे बऱ्याच क्षेत्रांत राज्याचा आकडा जिल्ह्यांत वाटून काढलेले असतात, त्यांच्यावर समाश्रयण (रिग्रेशन) चालवून ‘वाढीमुळे काम सुधारलं’ असं सिद्ध होत नाही. त्याऐवजी २०-२५ मालक बोलायला तयार असतील तर साध्या आणि बिनधोट्याच्या (शटललेस) मागांत दर कामगारामागे मूल्यवृद्धी (मालाच्या किमतीतून कच्च्या मालासारखा खर्च वजा करून उरतं ते) किती आणि त्यातला मजुरीचा वाटा किती, एवढं काढा. नवा माग आला, एका माणसाकडचे माग वाढले, मग त्याच्या तासाची मजुरी वाढली की फक्त कापड वाढलं? वाढ समावेशक आहे का, हे या प्रमाणात बोलतं. मालकांची मुलाखत मात्र कामगारांच्या पाहणीनंतर घ्या आणि दोन्हींतली नावं कधीही एकत्र ठेवू नका. कामगाराचा मालक कोण हे प्रश्नावलीवर लिहू नका, संकेत द्या आणि त्याची वही वेगळ्या कुलपात ठेवा.

वेळेचा अंदाज : मुलाखत ४० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, एका माणसाच्या दिवसाला सहा होतात, म्हणजे ४०० मुलाखतींना ६७ दिवस, पुन्हा फेऱ्या मारणं धरून ९० समजा. आधी २५ जणांवर प्रश्नावली घासून घ्या. दिवाळीच्या आगेमागे चार आठवडे पाहणी ठेवू नका. बोनस, सुट्टी आणि गावी गेलेले कामगार यांमुळे मजुरी आणि तास दोन्ही विस्कटतात. तास आणि मजुरी यांची दोन पानं तयार झाली की इथे टाका, एकेक प्रश्न वाचून सांगतो.